रस्ता वळतो, रूळ वाकतो

लोणावळ्याच्या फलाटाच्या टोकाला चारचौघींसारखीच एक पिवळी पाटी आहे. काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडी थांबली की लोक चिक्की-वडापावच्या मागे लागतात, त्या खालच्या ओळीकडे सहसा कुणी बघत नाही. पण गेल्या शतकात या ओळीत एक गंमत दडलेली होती. किनाऱ्यापासून आणि सरहद्दीपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे तपशीलवार सरकारी नकाशे तेव्हा ‘प्रतिबंधित’ गणले जात. लोणावळा समुद्रापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, म्हणजे पट्ट्याच्या आत. ज्या डोंगराची उंची नकाशात बघायला सरकारी परवानगी लागायची, तीच उंची सरकारच्याच रेल्वेने रंगवून फलाटावर उभी केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या लाखो लोकांसाठी, तीही कुणी न विचारता.

गाडीच्या खिडकीतून जे दिसतं ते नकाशात का नाही, या प्रश्नाने काही माणसांना छळलं आणि त्यांनी पुढच्या तीसेक वर्षांत भारतीय रेल्वेचा नकाशा घडवला. कुणी त्यांची नेमणूक केली नव्हती, पगार तर दूरच. त्यातले बरेचसे जण एकमेकांना कधी भेटलेही नाहीत. सुमारे ६८ हजार किलोमीटरचे लोहमार्ग, त्यांवरची स्टेशनं, फाटकं, पूल, बोगदे, यार्डातले फाटे हे सगळं आज कुणालाही फुकट बघता येतं, उतरवून घेता येतं आणि चुकलेलं दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं.

रेल्वेकडे नकाशे नव्हते असं मुळीच नाही. उलट रेल्वेइतकं कागदावर जगणारं खातं दुसरं नसेल. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्याच्या आधीपासून आराखडे, चढ-उतारांचे तक्ते, जमिनीच्या हद्दींचे नकाशे निघत होते. अडचण अशी, की हा कागद कधी एका हातात नव्हताच. जीआयपी वेगळी, बीबीसीआय वेगळी, बार्शी लाइट वेगळी, संस्थानिकांच्या गाड्या वेगळ्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अशा ४२ रेल्वे होत्या, त्यांतल्या ३२ संस्थानिकांच्या. १९५१-५२ मध्ये त्यांची मोट बांधून विभाग केले गेले, पण कागदपत्रं ज्या त्या कपाटात राहिली. यार्डाचा नकाशा यार्डाच्या इंजिनिअरकडे, पुलाचा पूल खात्याकडे. प्रवाशाच्या वाट्याला काय, तर वेळापत्रकाच्या मागची घडी. त्या घडीच्या नकाशात मुंबई–पुणे रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ असायची. भोर घाट तिच्यात नाहीच! अंतरं खरी, आकार खोटा. लहानपणी तो नकाशा बघून मला वाटायचं, की इगतपुरी आणि लोणावळा एकाच उंचीवर शेजारी-शेजारी आहेत आणि मध्ये कुणीतरी उगीच डोंगर आणून ठेवलेत.

रेल्वेचं वेड असलेली माणसं त्या घडीवर समाधानी राहणं शक्य नव्हतं. हे वेड आपल्याकडे जुनं आहे, फक्त त्याला नाव नव्हतं. प्रत्येक गावात एक तरी माणूस असतो ज्याला वेळापत्रक पाठ असतं, कुठल्या गाडीचं इंजिन कुठे बदलतं ते ठाऊक असतं आणि लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला तो नको असताना मनमाडचं कनेक्शन समजावून सांगतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी अशा लोकांचं एक मंडळ जुळवलं, ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’. घरापासून हजारो मैलांवर बसून ही मुलं आठवणीतली गाडी रुळावर आणत होती. पुढे भारतातली माणसं जोडली गेली आणि प्रत्येकाच्या वहीतलं बाहेर येऊ लागलं. अमुक जंक्शनला तिसरा फलाट कधी झाला, तमुक घाटात बोगदे किती, कुठल्या साखर कारखान्याचा रूळ कुठून फुटतो. या माहितीत प्रेम भरपूर होतं, पण ती ठेवायला जागा नव्हती. ‘स्टेशनच्या पुढे थोड्या अंतरावर डावीकडे’ असं लिहिलं की वाचणारा मान डोलावतो. नकाशावर ते कुठे मांडायचं हे मात्र त्याला कळत नाही.

बरं, विचारायचं कुणाला? पुलाच्या तोंडाशी ‘छायाचित्रण मना’चा फलक, फलाटावर कॅमेरा काढला की हटकलं जाण्याची धास्ती. १९६२च्या युद्धानंतर आलेली सावधगिरी नकाशांच्या बाबतीत चाळीस वर्षं टिकली. त्यातून एक विचित्र वाट निघाली. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाने भारतीय उपखंडाची एक मालिका छापली होती, एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणाची. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती पुढे सगळ्यांसाठी खुली केली. म्हणजे आपल्या तालुक्यातून गेलेली आणि आता उखडलेली नॅरोगेज नेमकी कुठून जात होती, हे शोधायला मराठी माणूस टेक्सासचं कपाट उघडत होता. गावांची नावं त्यात चमत्कारिक इंग्रजीत असायची, पण रूळ जागेवर असायचे.

२००५ साली दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केलं आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे दोन मालिकांत विभागले, एक संरक्षणासाठी आणि एक लोकांसाठी. त्याच वर्षी समित रॉयचौधुरी यांचा ‘द ग्रेट इंडियन रेल्वे ॲटलास’ बाहेर आला. एका माणसाच्या चिकाटीने काय होऊ शकतं याचा तो नमुना. पानापानावर देशभरातले मार्ग. गेज कोणतं, एकेरी की दुहेरी, वीज आहे की नाही, हे सगळं खुणांनी दाखवलेलं. पुढे २०१० आणि २०१५ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं घडीचा नकाशा डोळ्यांजवळ धरून घालवली होती, त्यांना हे पुस्तक म्हणजे पंढरीच होती.

पण छापील पुस्तक मागे पडतंच. शाई वाळेपर्यंत कुठेतरी मीटरगेज उखडलेली असते. त्यातही ते दशक उखडण्याचंच. १९९२ मध्ये रेल्वेने ‘युनिगेज’ हाती घेतलं, म्हणजे सगळीकडे १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज. मीटरगेज आणि नॅरोगेज जातील तिथे जातील, असा कार्यक्रम. दरवर्षी शेकडो किलोमीटर बदलत होते. अशा धावत्या गोष्टीचा नकाशा धावताच असायला हवा होता.

तसा नकाशा लंडनमध्ये जन्मला, आणि तोही रेल्वेसाठी नव्हे. स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्याला ब्रिटनचा सरकारी नकाशा वापरायला पैसे मोजावे लागत होते, म्हणून त्याने २००४ मध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. कल्पना साधी: जो जिथे राहतो त्याने तिथलं काढावं, आणि काढलेलं सगळ्यांचं असावं. ही कल्पना पाच वर्षं आधी सुचून उपयोग नव्हता. जीपीएसच्या उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकेचं सैन्य तोवर मुद्दाम चूक मिसळत असे. शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे. मे २०००च्या सुरुवातीला ती मिसळ थांबली आणि खिशातलं यंत्र एकदम दहा-वीस मीटरांत खरं बोलू लागलं.

ओपनस्ट्रीटमॅपचा एक नियम मात्र कडक. दुसऱ्याच्या नकाशातून उतरवायचं नाही. गूगलवरून नाही, सर्व्हेच्या नकाशावरून नाही, आणि रॉयचौधुरींच्या पुस्तकातूनही नाही. पुस्तक फडताळात, कागदावर सगळं तयार, तरी सगळं पहिल्यापासून. बाहेरच्याला हा हट्ट वेडेपणाचा वाटतो. पण याच हट्टामुळे हा नकाशा कुणाच्या मालकीचा राहिला नाही. २००७ मध्ये एका डच कंपनीने भारताच्या मुख्य रस्त्यांची माहिती दान केली, तेव्हा रस्त्यांना आयतं घबाड मिळालं; त्यातलं बरंचसं नंतर निस्तरत बसावं लागलं हा भाग वेगळा. रुळांना असं दान मिळालं नाही. ते खिडकीतून गोळा करावे लागले.

हे गोळा करणं कसं होतं ते सांगतो, कारण त्यात गणित आहे आणि थोडा विनोदही. यंत्र दर सेकंदाला एक ठिपका टिपतं असं धरा. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल, तर दोन ठिपक्यांत जवळजवळ २८ मीटर पडतात. बॅटरी वाचवायला पाच सेकंदांवर लावलं तर १४० मीटर. मग वळणाचा पार कोपरा कापला जातो. म्हणजे नकाशासाठी सुपरफास्ट कुचकामी आणि रडतखडत जाणारी पॅसेंजर उत्तम. वातानुकूलित डब्याची काच संकेत अडवते, म्हणून स्लीपरचा डबा. त्यातही खिडकीचा गज आणि यंत्र यांच्यात हात अवघडेपर्यंत बसायचं. मी पहिल्यांदा कर्जतहून असा निघालो, तेव्हा समोरच्या आजोबांनी दोन स्टेशनं माझी धडपड पाहिली आणि शेवटी न राहवून म्हणाले, “अहो, घाटात रेंज नसतेच. खंडाळ्याला येईल. तोवर गप्प बसा, हात बाहेर काढू नका.”

बोगदा आला की ठिपके थांबतात. भोर घाटात ते इतक्यांदा थांबतात, की घरी येऊन यंत्र उघडल्यावर रेघ नव्हे तर तुटलेली माळ दिसते. कोकण रेल्वेवर प्रकरण आणखी मोठं. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी १०० च्या वेगातही चार मिनिटं यंत्र आंधळं. अशा वेळी एकच उपाय. आत शिरतानाचं तोंड नक्की करायचं, बाहेर पडतानाचं नक्की करायचं, आणि मधलं इंजिनिअरवर विश्वास ठेवून जोडायचं.

दुसरी अडचण याहून चिवट. दुहेरी मार्गावर दोन रुळांच्या मध्यांत साडेचार-पाच मीटरचं अंतर असतं आणि यंत्राची चूक त्याहून जास्त. त्यामुळे तुमची रेघ अपची की डाउनची हे यंत्राला कळत नाही. एकाच मार्गावरून दहा जण गेले की दहा रेघा मिळतात, आणि त्या एकत्र टाकल्या की विस्कटलेल्या वेणीसारख्या दिसतात. सुरुवातीच्या वर्षांत मग बहुतेकांनी वेणीच्या मधून एकच रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘रूळ दोन’. त्या काळात या नकाशात भारताची रेल्वे म्हणजे महानगरांना जोडणारी बारीक काळी शिवण होती. मराठवाड्यात तर सुईच फिरली नव्हती.

हे चित्र बदललं २०१०च्या अखेरीस. मायक्रोसॉफ्टने आपली ‘बिंग’ची उपग्रह-चित्रं या नकाशाच्या कारागिरांना गिरवायला दिली, आणि खिडकी सोडून लोक टेबलाशी आले. चांगल्या चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या साधारण अर्ध्या मीटरचा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये असे जेमतेम तीन ठिपके मावतात. रूळ खरं तर दिसतच नाही; दिसतो तो खडीचा राखाडी पट्टा, विजेच्या खांबांच्या एकसारख्या सावल्या आणि एक विशिष्ट वळण. हे वळण ओळखता आलं की निम्मं काम झालं. रस्ता शेताचा बांध आला की काटकोनात फिरतो, देवळापाशी थबकतो, कुणाच्या तरी घराला वळसा घालतो. रुळाला ती मुभा नाही. तो दूरवरून ठरवून, हळूहळू, एका सुरात वाकतो. उखडलेल्या मार्गावर आज बैलगाडीचा रस्ता झाला असला, तरी वळणाची जात लपत नाही. वरून बघताना शेतांच्या गोधडीत अशी एखादी संथ कमान दिसली, की समजावं, इथून कधीतरी गाडी जात होती.

घाटात मात्र चित्रंही दगा देतात. उपग्रह तिरका बघतो, डोंगर उंच असतो, आणि मग सगळा चढ दहा-वीस मीटर बाजूला सरकलेला दिसतो. चित्रावर भरवसा ठेवून काढलेला रूळ दरीत लटकतो. इथे जुन्या पॅसेंजरमधल्या त्या तुटक माळा पुन्हा कामाला आल्या. बऱ्याच रेघांचा मध्य काढायचा, चित्र ओढून त्यावर बसवायचं, आणि मग गिरवायचं. पळसधरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. ३७ फुटांना एक फूट चढणारा हा तिपदरी मार्ग अनेक अनोळखी हातांनी असाच थोडा थोडा जागेवर बसवला.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. घाटातल्या मुख्य रुळापासून मध्येच एक फाटा सुटतो, डोंगरावर चढतो आणि कुठेही न जाता संपतो. पुढे स्टेशन नाही, कारखाना नाही, मालधक्का नाही. रेल्वे न जाणणाऱ्या नकाशेवाल्याला ही सरळसरळ चूक वाटते आणि त्याचा हात ‘डिलीट’कडे जातो. पण ते आहे कॅच सायडिंग. उतारावर गाडीचा ब्रेक सुटला, तर ती खालच्या गाडीवर जाऊ नये म्हणून सांधे एरवी त्या चढाच्या फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबून ‘मी ताब्यात आहे’ हे दाखवते, मगच तिला मुख्य रूळ मिळतो. घाटातला हा शहाणपणा सांगणारं कुणी नसतं, तर नकाशातली ती शेंडी केव्हाच छाटली गेली असती. हौशी माणूस आणि नुसता संगणक चालवणारा माणूस यांच्यातला फरक असा एका फाट्यावर उभा असतो.

रेघ ओढणं हे निम्मंच काम. प्रत्येक रेघेला चिठ्ठ्या लावाव्या लागतात: गेज किती मिलिमीटर, विजेचा दाब किती, मुख्य मार्ग की शाखा, यार्ड की सायडिंग. ही चिठ्ठी वाचून जर्मनीत सुरू झालेला ‘ओपनरेल्वेमॅप’ रेघांना रंग देतो. एकदा का चिठ्ठी लावली की ती ताजी ठेवायची जबाबदारीही आली. मुंबईची विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून कुर्ल्याला निघाली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि नव्वद वर्षं तिने तोच दाब खाल्ला. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गाचा शेवटचा तुकडा एप्रिल २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. रेल्वेसाठी तो अब्जावधींचा आणि कित्येक वर्षांचा कारभार. नकाशात मात्र इतकंच: तुकड्यातुकड्याने जाऊन १५०० खोडायचे, २५००० लिहायचे.

बार्शी लाइटची चिठ्ठी बदलणं याहून अवघड गेलं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला ७६२ मिलिमीटरची गाडी नेली, ती पुढे १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पंढरीचे वारकरी तिच्या टपावर बसून गेले. शंभर वर्षांनी तिची ब्रॉडगेज झाली, पण नुसती रुंदी बदलून नव्हे. जुनी गाडी आजच्या धाराशिवला शिवत नव्हती. नवा मार्ग शहराकडून फिरवून नेला. म्हणजे काही भागात ७६२ खोडून १६७६ लिहिणं पुरेसं होतं, काही भागात नवी रेघ काढावी लागली, आणि जुन्या रेघेचं काय करायचं हा प्रश्न उरला. त्या प्रश्नाकडे मी येतोच.

नावांचा कारभार त्यातल्या त्यात गोड. नकाशात प्रत्येक भाषेसाठी नावाचा वेगळा रकाना असतो. आपल्याकडे मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, म्हणून बाहेरच्याला वाटतं एकदाच लिहून भागेल. पण भुसावळचं हिंदीत भुसावल होतं आणि लोणावळ्याचं लोनावला. एका ‘ळ’साठी रकाना वेगळा ठेवावा लागतो, आणि कुणीतरी बसून स्टेशनामागून स्टेशन तो भरलेला आहे. शिवाय स्टेशनांची सांकेतिक अक्षरं. अचलपूर स्टेशनची अक्षरं आजही ‘ईएलपी’ आहेत, कारण इंग्रज त्याला एलिचपूर म्हणत. माणसं नाव विसरली. रेल्वेच्या तीन अक्षरांत ते राहून गेलं.

हे सगळं चालू असताना डोक्यावर टांगती तलवार होतीच. २०१३ मध्ये गूगलने भारतात लोकांकडून नकाशे भरून घेण्याची स्पर्धा लावली, सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. गूगलला वकील परवडतात. रात्री जेवण झाल्यावर वर्ध्याचं यार्ड गिरवणाऱ्या शिक्षकाने काय करायचं? मे २०१६ मध्ये गृहमंत्रालयाने भू-माहितीच्या नियमनाचं विधेयक मसुद्याच्या रूपात मांडलं. परवान्याशिवाय अशी माहिती गोळा केली तर एक कोटीपासून १०० कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद. मसुद्याची भाषा इतकी ऐसपैस होती, की मोबाइलवर फोटो काढून त्यात जागेची नोंद झाली तरी माणूस अडकला असता. देशभरातून हरकती गेल्या आणि ते विधेयक पुढे सरकलं नाही. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, वारं उलटं फिरलं. नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे करायला, साठवायला, प्रसिद्ध करायला परवान्याची अट काढून टाकली. तोपर्यंत रेल्वेच्या नकाशाचं निम्म्याहून जास्त काम उरकलं होतं, हे सांगायला नको. आपल्याकडे बऱ्याच चांगल्या गोष्टी परवानगी येईपर्यंत होऊन गेलेल्या असतात.

आता जुन्या रेघेचा प्रश्न. ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ दंडक असा, की जमिनीवर आहे तेच नकाशात. मग जे रूळ उचलले गेले, ज्यांच्या भरावावर आज ऊस उभा आहे, त्यांचं काय? जगभरच्या नकाशेवाल्यांत यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, आणि ती शेजाऱ्यांच्या बांधाच्या भांडणांइतकीच कडवट आहेत. एक पक्ष म्हणतो, घरावरून रेघ गेलेली दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. दुसरा म्हणतो, त्या घराची भिंत तिरकी का आहे ते विचारा, ती रेल्वेच्या हद्दीवर उभी आहे. तडजोड म्हणून इतिहासासाठी एक वेगळा नकाशा निघाला, ओपनहिस्टॉरिकलमॅप. तिथे प्रत्येक रेघेला जन्माची आणि मरणाची तारीख लावता येते. खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी उलटी फिरवून घाटाचा पुढचा टप्पा चढावा लागे, १९२९ मध्ये बंद झालं. अशा गोष्टींची जागा तिथे. मला स्वतःला पहिला पक्ष तर्काने पटतो आणि हात दुसऱ्या पक्षाचं काम करतात.

मेळघाटातल्या धुळघाटापाशी हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. अकोला–खंडवा मीटरगेज तिथे चढ कापण्यासाठी पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायची. खालून गेलेली गाडी थोड्या वेळाने वरच्या पुलावर. छोट्या प्रमाणाच्या नकाशात हे केवळ एक गाठ म्हणून दिसे, बऱ्याचदा तेही नाही. स्वयंसेवकांनी जंगलाच्या हिरव्यातून ती पुरी गुंडाळी काढली, पुलाला ‘वरचा थर’ अशी चिठ्ठी लावली. २०१७च्या सुरुवातीला गाडी थांबली. ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पाबाहेरून न्यायचं ठरलं. म्हणजे ज्या वळशाचं आपल्याला एवढं कौतुक, त्यावर पुन्हा गाडी येणार नाही. आणि वाघांच्या बाजूने पाहिलं तर ते ठीकच आहे.

शकुंतलेचं तसं नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी विलायती कंपनीने घातलेली ही ७६२ मिलिमीटरची गाडी १९०३ मध्ये मूर्तिजापूरहून यवतमाळला पोचली, दहा वर्षांनी अचलपूरला. देशातल्या सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी हिची मालकी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४पर्यंत ओढलं, की इंजिनाने तिला, हे बघणाऱ्याने ठरवावं. आता गाडी थांबून काही वर्षं झाली. ती ब्रॉडगेज करून पुन्हा चालवा, ही मागणी विदर्भात उठत असते, मधूनमधून आश्वासनंही येतात.

नकाशाच्या चिठ्ठीत यासाठी दोन शब्द आहेत. रूळ जागेवर असतील पण गाडी चालत नसेल, तर ‘वापरात नाही’. रूळ उचलले असतील, तर ‘सोडून दिलेली’. नियम स्वच्छ आहे, त्यात भावनेला जागा नाही. मागच्या उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या बाजूला एका बंद फाटकाशी मी उतरलो तेव्हा बाभळी छातीपर्यंत आल्या होत्या. एक गृहस्थ म्हैस चारत होते. मोबाइल काढून वाकून बघतोय म्हटल्यावर जवळ आले.

“रेल्वेचे का?”

“नाही हो, असाच. रूळ आहेत का बघत होतो.”

त्यांनी काठीने गवत बाजूला केलं. तांबूस गंज चढलेला, अरुंद, पण होता. दुसराही होता. मी मोबाइलवर तो तुकडा उघडला, आधीच्या कुणीतरी लावलेली ‘वापरात नाही’ची चिठ्ठी पाहिली आणि तशीच ठेवली.